झोपेतून उठलेला संगणक तोच आहे कशावरून?

लॅपटॉपचं झाकण मिटलं की पडदा काळा होतो, पंखा थांबतो. दोन तासांनी झाकण उघडावं तर अर्धवट लिहिलेलं पत्र जिथल्या तिथे. वापरणाऱ्याला वाटतं, मधल्या वेळात काहीच झालं नाही. यंत्राच्या बाजूने पाहिलं तर बरंच काही झालेलं असतं. प्रोसेसरची वीज तुटलेली असते, चिपसेटच्या बऱ्याच रजिस्टरांतल्या नोंदी गेलेल्या असतात, आणि झाकण उघडताच प्रोसेसर अगदी पहिल्या सूचनेपासून कामाला लागतो. म्हणजे झोपेतून उठणं हेही बूट होणंच आहे, फक्त वाट आखूड आहे. या आखूड वाटेनेच गेल्या काही वर्षांत फार मोठी भोकं पाडली. एरवी बूट होताना जी कामं काटेकोरपणे केली जातात, त्यांतली काही उठताना ‘ती तर मघाशीच झाली’ असं गृहीत धरून सोडून दिली गेली.

ही वाट नीट कळायची तर आधी नेहमीची वाट पाहावी लागते. मदरबोर्डवर एक लहानशी फ्लॅश चिप असते आणि तिच्यात फर्मवेअर असतं. पूर्वी त्याला सगळे बायॉस म्हणत, हल्लीच्या यंत्रांत ते यूईएफआय असतं. बटण दाबलं की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावरून पहिली सूचना उचलतो. हा पत्ता चार जीबीच्या हद्दीच्या बरोबर १६ बाइट अलीकडे असतो आणि तो थेट फ्लॅश चिपमध्ये पोचतो. तिथून फर्मवेअर मेमरी सुरू करतं, उपकरणं शोधतं, बूटलोडर चढवतं. बूटलोडर कर्नल चढवतो.

ही साखळी विश्वासाची राहावी म्हणून दोन वेगळे उपाय योजलेले आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. पहिला सिक्युअर बूट. यात पुढच्या टप्प्याची डिजिटल सही तपासली जाते. सही जुळली नाही तर तो टप्पा चालवलाच जात नाही. दुसरा मेझर्ड बूट. हा कुणालाही अडवत नाही. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा हॅश काढतो, तो टीपीएम नावाच्या वेगळ्या चिपकडे देतो आणि मगच पुढे जातो. टीपीएममध्ये यासाठी २४ रजिस्टरं असतात, त्यांना पीसीआर म्हणतात. पीसीआरमध्ये हवी ती किंमत लिहिता येत नाही. चालते ती एकच क्रिया: जुनी किंमत आणि नवा हॅश एकापुढे एक ठेवायचे, त्या दोघांचा मिळून पुन्हा हॅश काढायचा आणि तो जुन्याच्या जागी बसवायचा. दुकानाच्या कीर्दीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ म्हणून आधीची बेरीज येते ना, तसंच हे. मधल्या पानावरची एक नोंद बदलली तरी शेवटची बेरीज चुकते, आणि शेवटच्या बेरजेवरून मागे जाऊन खोटी नोंद घुसवता येत नाही.

ही शेवटची बेरीज दोन ठिकाणी उपयोगी पडते. डिस्कची किल्ली टीपीएममध्ये अशा अटीवर ठेवता येते की पीसीआर अमुक किंमतीला असतील तरच ती बाहेर द्यायची. विंडोजचं बिटलॉकर हेच करतं. शिवाय कंपनीचा सर्व्हर एखाद्या लॅपटॉपला विचारू शकतो, ‘तू काय बूट केलंस ते सहीनिशी सांग’, आणि टीपीएम पीसीआरच्या किंमतींवर सही करून देते. कुठल्या क्रमाने काय नोंदलं याची तपशीलवार यादीही असते. ती साध्या मेमरीत राहते, कोणीही वाचू शकतं, आणि ती गुप्त असावी अशी अपेक्षाही नाही. ही बाब लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

आता झोप. संगणकाच्या झोपेचे प्रकार ठरवणारं एसीपीआय हे मानक १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून आणलं. त्यातली एस-३ ही अवस्था आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहे. एस-३ मध्ये मेमरीची वीज तेवढी चालू राहते. मेमरीतल्या पेशींतला विद्युतभार सतत झिरपत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ ताजी करावी लागते. झोपेत हे काम मेमरीच्या चिपा स्वतःच करत राहतात. बाकी सगळं बंद. झोपण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टीम एसीपीआयच्या एका तक्त्यात ‘उठल्यावर या पत्त्यावर या’ एवढं लिहून ठेवते, चिपसेटच्या रजिस्टरात झोपेचा प्रकार भरते, एक बिट चालू करते आणि वीज जाते.

झाकण उघडलं की प्रोसेसर पुन्हा त्याच १६ बाइट अलीकडच्या पत्त्यावर येतो. फर्मवेअर चिपसेटला विचारतं: हे नवं बूट की झोपेतून उठणं? उठणं असेल तर डिस्क, यूएसबी, बूटलोडर या कशाच्याही वाटेला ते जात नाही. मेमरी कंट्रोलर आधी साठवलेल्या मापांनी सुरू करतं, रजिस्टरं पूर्ववत करतं आणि तक्त्यातल्या पत्त्यावर उडी मारतं. तिथून कर्नल जागा होतो.

‘रजिस्टरं पूर्ववत करतं’ हे मी एका दमात लिहिलं, पण सगळी गोम तिथेच आहे. फर्मवेअर नेहमीच्या बूटमध्ये शेवटी काही लॉक लावतं. फ्लॅश चिपवर आता कोणी लिहायचं नाही, हे एक लॉक. दुसरं एसएमरॅमचं. प्रोसेसरची एक सर्वाधिकारी अवस्था असते, एसएमएम. तिचा कोड मेमरीच्या ज्या कोपऱ्यात असतो तो कोपरा कर्नललाही दिसू नये म्हणून हे लॉक. दोन्ही लॉक म्हणजे चिपसेटच्या रजिस्टरातले बिट, आणि एकदा चालू केले की रीसेट होईपर्यंत बंद करता येत नाहीत. पण एस-३ मधून उठणं हे या रजिस्टरांच्या दृष्टीने रीसेटच आहे. प्रोसेसर उठतो तेव्हा सगळे लॉक उघडे असतात. इतकंच नाही, तर एसएमएमचा कोड कुठे आहे हेही प्रत्येक कोअर विसरलेला असतो. इंटेलच्या प्रोसेसरांत तो पत्ता मूळच्या ठरीव जागी, ऑपरेटिंग सिस्टीमला सहज लिहिता येईल अशा साध्या मेमरीत परत गेलेला असतो. फर्मवेअरने तो पुन्हा सुरक्षित कोपऱ्याकडे वळवायचा, लॉक पुन्हा लावायचे आणि मगच कर्नलकडे ताबा द्यायचा. हा क्रम चुकून चालत नाही.

यासाठी यूईएफआयने एक सोय केली: बूट स्क्रिप्ट. नेहमीच्या बूटच्या वेळी कोणत्या पत्त्यावर काय लिहिलं याची फर्मवेअर यादी करून ठेवतं आणि उठताना ती यादी वरून खाली चालवतं. बहुतेक ओळी ‘या पत्त्यावर ही किंमत लिही’ अशा साध्या असतात. एक प्रकार मात्र वेगळा आहे: ‘या पत्त्यावर जा आणि तिथला कोड चालव.’ ही यादी ठेवायची कुठे? बऱ्याच यंत्रांत ती मेमरीच्या अशा भागात ठेवली गेली, जो ऑपरेटिंग सिस्टीमने वापरू नये असा नुसता संकेत होता. संकेत म्हणजे कुलूप नव्हे. कर्नलचा ताबा मिळालेला हल्लेखोर तिथे निवांत लिहू शकत होता.

डिसेंबर २०१४ मध्ये हँबर्गला केऑस कम्युनिकेशन काँग्रेस ही हॅकरांची परिषद भरली होती. तिथे राफाल वोयचुक आणि कोरी कॅलेनबर्ग या संशोधकांनी हेच करून दाखवलं. यादीतली ‘कोड चालव’ ही ओळ आपल्या कोडकडे वळवायची, यंत्राला झोपवायचं आणि उठवायचं. लॉक लागण्यापूर्वीच्या त्या क्षणी आपला कोड चालतो, फ्लॅश चिप लिहिण्यासाठी खुली असते, एसएमरॅमही खुलं असतं. कर्नलच हातात आहे तर आणखी काय मिळवायचं, असं कुणी म्हणेल. फरक मोठा आहे. कर्नलमधली कीड नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की जाते. फ्लॅश चिपमधली कीड डिस्क बदलली तरी राहते, आणि सिक्युअर बूटची तपासणी करणारं फर्मवेअरच तिच्या ताब्यात जातं. यावरचा उपाय म्हणजे यादीची प्रत एसएमरॅममध्ये ठेवणं, त्याला लॉकबॉक्स म्हणतात. पण यादी आत ठेवून ती ज्या कोडकडे बोट दाखवते तो बाहेरच राहिला, तर काहीच साधत नाही. जे जे उठताना चालणार, ते सगळं झोपेतही सुरक्षित कोपऱ्यात असायला हवं.

पुढच्याच वर्षीचं मॅकचं प्रकरण याहून साधं होतं, आणि मला ते जास्त बोलकं वाटतं. मे २०१५ मध्ये पेद्रो व्हिलासा या पोर्तुगीज संशोधकाने दाखवलं की काही जुन्या मॅकमध्ये झोपेतून उठल्यावर फ्लॅशचं लॉक लावलंच जात नाही. यादीत फेरफार नको, विशेष कोड नको. यंत्र एकदा झोपवा, उठवा, आणि एरवी बंद असणारं फर्मवेअर लिहिण्यासाठी उघडं सापडतं. चिपसेटच्या रजिस्टरातला एक बिट नेहमीच्या बूटला एक असायचा आणि उठल्यावर शून्य. ॲपलने जूनच्या अखेरीस दुरुस्ती दिली. लॉक लावणारी ओळ एका वाटेवर होती, दुसऱ्या वाटेवर नव्हती, इतकंच ते होतं. पण एवढी साधी चूक इतक्या काळजीने बांधलेल्या यंत्रात सापडते, यावरून उठण्याच्या वाटेची चाचणी किती कमी होते ते कळतं.

लॉक झाले. आता कीर्दीकडे येऊ.

टीपीएम ही मदरबोर्डवरची वेगळी चिप असेल तर एस-३ मध्ये तिचीही वीज जाते आणि पीसीआर जातात. झोपेतून उठल्यावर पीसीआर शून्य दिसले तर डिस्कची किल्ली मिळणार नाही, सर्व्हर लॅपटॉपला ओळखणार नाही. म्हणून मानकात सोय आहे. झोपण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टीम टीपीएमला ‘अवस्था साठवून बंद हो’ अशी आज्ञा देते. टीपीएम पीसीआर आपल्या आतल्या कायम मेमरीत उतरवते. उठल्यावर फर्मवेअर ‘साठवलेल्या अवस्थेतून सुरू हो’ असं सांगतं आणि बेरीज जिथे होती तिथून पुढे चालू होते.

या व्यवहारात साठवण्याची आज्ञा कोण देतं ते पाहा. ऑपरेटिंग सिस्टीम देते. म्हणजे जिच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवायचं आहे, तिच्याच हातात नोंदवही जपण्याचं काम आहे. तिने आज्ञा दिलीच नाही तर? उठल्यावर फर्मवेअर साठवलेली अवस्था मागतं, टीपीएम म्हणते, साठवलेलं काहीच नाही, आणि त्रुटी परत करते. इथे फर्मवेअर काय करतं यावर सगळं अवलंबून आहे. काही यंत्रांतलं फर्मवेअर ती त्रुटी सोडून पुढे जात असे. टीपीएम कोऱ्या पीसीआरनिशी सुरू होई, आणि ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे या प्रसंगी हल्लेखोर, पहिल्या ओळीपासून हवी ती कीर्द लिहायला मोकळा होई. खऱ्या, स्वच्छ बूटच्या नोंदी कुठून आणायच्या? त्या तपशीलवार यादीतून, जी कोणीही वाचू शकतं. जुनी वही गहाळ करायची, कोरी आणायची आणि चांगल्या दिवसाच्या नोंदी क्रमाने उतरवून काढायच्या. बेरीज अगदी बरोबर येते. टीपीएम तिच्यावर सहीही करून देते, कारण टीपीएमच्या लेखी काही चुकलेलंच नसतं.

दक्षिण कोरियातल्या सुंगहुन हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हल्ला ऑगस्ट २०१८ मध्ये युझनिक्सच्या सुरक्षा परिषदेत मांडला. दोष टीपीएमच्या चिपमध्ये नव्हता, हॅशच्या गणितात नव्हता. ‘साठवलेलं काहीच नाही’ या उत्तराचं काय करायचं, याचं उत्तर फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी ‘पुढे चला’ असं दिलं होतं. योग्य वागणूक यूईएफआयच्या खुल्या कोडमध्ये आज दिसते: त्रुटी आली तर टीपीएम नव्याने सुरू करायची आणि पहिल्या आठही पीसीआरमध्ये लगेच चुकीची खूण मिसळून टाकायची. एकदा ती खूण पहिल्या पानावर आली की पुढे कितीही चांगल्या नोंदी लिहिल्या तरी बेरीज जुळणार नाही. किल्ली मिळणार नाही. वापरणाऱ्याला त्रास होईल, यंत्र पुन्हा बूट करावं लागेल, आणि तेच बरोबर आहे. पुरावा हरवला असेल तर यंत्राने ‘मला माहीत नाही’ असंच म्हटलं पाहिजे.

इंटेलच्या टीएक्सटीची वाट यापेक्षा कडक आहे. तिथे फर्मवेअरवर भिस्त न ठेवता प्रोसेसरची एक खास सूचना मध्येच नवी साखळी सुरू करते. तिचे पीसीआर, १७ पासून पुढचे काही, टीपीएम सुरू होताना शून्य नसतातच. त्यांतला प्रत्येक बिट एक असतो आणि ते शून्य करण्याचा अधिकार फक्त त्या सूचनेला असतो. त्यामुळे कोरी वही आणण्याची युक्ती तिथे थेट चालत नाही. लिनक्ससोबत ही वाट वापरणारा टीबूट हा प्रोग्राम आणखी एक काम करतो, आणि मला ते या सगळ्यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. झोपण्यापूर्वी तो कर्नलच्या मेमरीची किल्ली घालून केलेली बेरीज काढतो, ती किल्ली टीपीएमकडे सीलबंद करतो, आणि उठल्यावर साखळी नव्याने सुरू करून मेमरी तीच आहे का हे पडताळतो. एरवी पीसीआर फक्त काय बूट झालं ते सांगतात. आता मेमरीत काय आहे, याबद्दल ते मौनच असतात. तरीही हान यांच्या गटाने टीबूटमध्येही फट शोधली. उठण्याच्या वाटेवर वापरले जाणारे काही फंक्शन पॉइंटर मोजलेल्या भागाबाहेर, बदलता येतील अशा मेमरीत राहून गेले होते. बूट स्क्रिप्टची गोष्ट वेगळ्या कोडमध्ये पुन्हा घडली होती.

मेमरीचा विषय निघालाच आहे तर तिथेही जरा थांबू. एस-३ मध्ये डिस्कची किल्ली मेमरीतच पडून असते. २००८ साली प्रिन्स्टनच्या ॲलेक्स हॅल्डरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की वीज गेल्यावरही मेमरी लगेच रिकामी होत नाही. उलट्या धरलेल्या धूळझाडीच्या डब्यातल्या फवाऱ्याने चिपा उणे ५० अंशांपर्यंत गार केल्या तर दहा मिनिटांनंतरही एक टक्क्याहून कमी बिट बिघडतात. यावर उपाय म्हणून रीसेटनंतर मेमरी पुसण्याची सोय आली, आणि २०१८ मध्ये एफ-सिक्युअर या सुरक्षा कंपनीच्या ओले सेगेरडाल आणि पासी सारिनेन यांनी ती सोय बंद करण्याचा मार्ग दाखवला. प्रोसेसरनेच मेमरी कूटबद्ध करणं हा जास्त खरा उपाय. पण तिथेही झोपेचा प्रश्न सुटत नाही, कारण एस-३ मधून उठल्यावर जुनी मेमरी वाचायची तर तीच किल्ली जपून ठेवून परत आणावी लागते. आयओएमएमयूचंही तसंच: बाहेरून जोडलेल्या उपकरणाला कोणती मेमरी दिसावी हे ठरवणारे त्याचे तक्ते उठल्यावर पुन्हा लावावे लागतात, आणि ते लागेपर्यंत कोणत्याही उपकरणाला मेमरीपर्यंत पोचू देता कामा नये.

मग झोपूच नये का? हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपांनी एस-३ सोडूनच दिली आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून आलेल्या पद्धतीत यंत्र खऱ्या अर्थाने जागंच राहतं, फक्त सगळे भाग अगदी कमी विजेवर जातात. उठताना फर्मवेअरची वाट चालवावी लागत नाही, लॉक जात नाहीत, टीपीएमची बेरीज तुटत नाही. वर सांगितलेल्यांपैकी बहुतेक फटी यात मुळातच उरत नाहीत. पिशवीत लॅपटॉप गरम होतो, बॅटरी उतरते या तक्रारी खऱ्या आहेत. पण विश्वासाच्या बाजूने पाहता हा बदल मला चांगलाच वाटतो. मेमरीतली किल्ली मात्र इथेही मेमरीतच राहते.

हायबरनेट ही तिसरी वाट. मेमरी डिस्कवर उतरवायची, वीज पूर्ण बंद करायची आणि उठताना पहिल्यापासून बूट व्हायचं. सिक्युअर बूट, मेझर्ड बूट, सगळं नेहमीसारखं. फक्त डिस्कवरची ती प्रत कूटबद्ध हवी आणि कोणी बदललेली नाही याची खातरी हवी. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१९ च्या ५.४ आवृत्तीपासून लॉकडाउनची सोय आली. ती चालू असेल तर हायबरनेट करूच दिलं जात नाही, कारण त्या प्रतीवर सही नसते. लोक याला कुरकुरतात, पण निर्णय योग्य आहे: बदललेली प्रत चढवणं म्हणजे सही न तपासता कर्नल चढवणं.

आपलं यंत्र कोणत्या वाटेने जातं ते पाहणं सोपं आहे. विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवर-सीएफजी ही आज्ञा ‘ए’ या पर्यायासह द्या. कोणत्या झोपा उपलब्ध आहेत ते ती सांगते. लिनक्सवर ‘सिस’ फोल्डरातल्या ‘पॉवर’मध्ये ‘मेम-स्लीप’ नावाची एक ओळीची फाइल आहे. तिच्यात ‘डीप’ या शब्दाभोवती चौकटी कंस असेल तर एस-३ चालू आहे, ‘एस-टू-आयडल’भोवती असेल तर नवी पद्धत. एस-३ असेल तर फर्मवेअरची अद्ययावत आवृत्ती टाकणं हे पहिलं काम, कारण वरचे बहुतेक दोष तिथेच दुरुस्त झाले आहेत. महत्त्वाची माहिती घेऊन प्रवासाला निघताना झोपेऐवजी हायबरनेट किंवा सरळ बंद, आणि बिटलॉकरला बूटच्या आधी पिन. डेबियनवर क्रिप्टसेटअप-सस्पेंड हे पॅकेज झोपण्याआधी डिस्कची किल्ली मेमरीतून पुसतं आणि उठल्यावर पासवर्ड मागतं. टीपीएमची वागणूक स्वतः तपासायची असेल तर हान यांच्या गटाने २०१९ मध्ये नॅपर नावाचं साधन खुलं केलं. ते यंत्राला अवस्था न साठवता झोपवतं, उठवतं आणि पीसीआर वाचतं. पीसीआर शून्य आलेले दिसले तर ते फर्मवेअर बदलेपर्यंत त्या यंत्राच्या टीपीएमने सही केलेल्या कोणत्याही उत्तरावर सर्व्हरने विसंबू नये.